दोन हजार एकशे सतरा, डावा कान

एकच सत्य एकाच वेळी दोन ठिकाणी अबाधित राखणं, ही मानवी संस्कृतीची खरी कसोटी असते. लासूर स्टेशनात ही कसोटी एका सोमवारी दुपारी दीड वाजता लागली, आणि त्या वेळी संस्कृतीचे बहुतेक राखणदार डबा उघडून बसले होते.

पावसानं तोंड फिरवल्याला ते दुसरं वर्ष. संभाजीनगरात नळाला आठव्या दिवशी पाणी येई आणि नवी इमारत दर चौथ्या दिवशी उठे. तसल्याच एका काचेच्या इमारतीत, बीड बायपासच्या अंगाला, जनावरांच्या चाऱ्याची व्यवस्था पाहणारा एक कक्ष उघडला होता. तिथून सगळ्यात जवळचं जनावर चार मैलांवर होतं. तेव्हा लासूरला बाजार समितीच्या आवारात कक्षाची शाखा काढण्यात आली. शाखा म्हणजे एक खोली, एक खिडकी, एक संगणक आणि प्रांजली.

प्रांजली लासूरचीच. बी.एस्सी. झालेली आणि अकरा महिन्यांच्या करारावर लागलेली. चारा छावणीत जनावरं आणायची तर आधी तिच्या खिडकीवर नोंद करायची. नोंद झाली की संगणक आपणहून पुढचा नंबर देई, आणि ती तो चिठ्ठीवर छापून हातात ठेवी. छावणीच्या फाटकावर रोज सकाळी चिठ्ठी दाखवली की त्या नंबरावरचा चारा मिळे. एका नंबरावर दिवसातून एकदा.

ही यादी दोन संगणकांत होती, एक लासूरला आणि एक शहरात. एक बंद पडला तर दुसऱ्यानं गाडा ओढायचा. नोंदी दिवसभर आपोआप तिकडं जात. पण ‘आता पुढचा नंबर कोणता’ एवढा एकच आकडा निराळ्या खणात राही, आणि तो दिवसातून एकदा जुळवून घ्यावा लागे. त्यासाठी दीडच्या ठोक्याला शहरातलं मशीन लासूरच्या खणात डोकावून आकडा वाचायचं, आपल्या यादीशी ताडून बघायचं आणि ताडून झालं की तोच आकडा दोन्ही खणांत लिहून टाकायचं. लासूरची लाईन बघता वाचण्यात आणि लिहिण्यात अकरा मिनिटं जात. त्या अकरा मिनिटांत कुणी नवा नंबर दिला तर काय, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. कारण दीड ते दोन जेवणाची सुट्टी. सुट्टीत सरकारी खिडकीवर कुणी काम करत नाही, या पायावर पुण्याच्या कंपनीनं सगळी इमारत उभी केली होती. पाया भक्कम होता. तो प्रांजलीला तेवढा कुणी सांगितला नव्हता.

सोमवार नोंदणीचा शेवटचा दिवस. देवगाव रंगारीकडची एस्टी नेमकी सव्वाला आली आणि खिडकीसमोर पत्र्यासारख्या तापलेल्या फरशीवर रांग लागली. दीड वाजला तेव्हा प्रांजलीनं खिडकीची फळी ओढायला हात घातला, बाहेर बघितलं, आणि हात मागं घेतला. पहिला नंबर लागला सखूबाईचा. सखूबाई म्हणजे जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली साठीतली बाई. मेंढरं गेली, आता एक म्हैस आणि अठरा शेळ्या राहिल्या होत्या. तिला चिठ्ठी मिळाली, दोन हजार एकशे सतरा. तिच्यामागं आणखी सहा जणांना पुढचे सहा नंबर मिळाले. एवढ्यात अकरा मिनिटं भरली, आणि शहरातल्या मशीननं ताडून बघणं संपवून लासूरच्या खणात मोठ्या जबाबदारीनं लिहिलं: पुढचा नंबर दोन हजार एकशे सतरा.

आठवा माणूस होता बद्रीनाथ, देवगाव रंगारीचा. बागाईतदार म्हणायचा, पण त्या वर्षी बागेत नुसते खांब होते. दोन बैल, एक गाय. त्याला मिळाला नंबर दोन हजार एकशे सतरा. त्याच्यामागच्या सहांनाही आधीच्या सहांचेच नंबर मिळाले, आणि तिथून पुढं गाडी रुळावर आली. प्रांजलीच्या ध्यानात आलं नाही. दिवसाला दोनशे चिठ्ठ्या छापणाऱ्या माणसाला मागचा नंबर आठवत नसतो. आठवला असता तर संगणक कशाला आणला?

पूर्वी मशीन असल्या वेळी ‘हा नंबर आधीच दिला आहे’ अशी लाल अक्षरांत सूचना देत असे. त्या सूचनेनं कामाला खोळंबा होतो अशी तक्रार झाली, म्हणून कंपनीनं सूचना बंद केली. कामाचा खोळंबा खरोखरच थांबला. एका नंबरावर दोन नावं आली तर करायचं काय, याचाही नियम कंपनीनं घालून दिला होता: शेवटचं नाव खरं, आधीचं पुसायचं.

बुधवारी सकाळी छावणीचं फाटक उघडलं आणि सखूबाईला कळलं, की ती पुसली गेली आहे. फाटकावरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं यादी उलटून दाखवली. दोन हजार एकशे सतराला बद्रीनाथ होता, दोन बैल, एक गाय. सखूबाई नव्हती, म्हैस नव्हती, अठरा शेळ्या नव्हत्या. नवा नंबर घ्यावा तर यादी सोमवारी बंद झालेली. म्हैस मात्र फाटकाबाहेर उभी होती आणि तिला हे पटत नव्हतं.

सखूबाई तिथून तडक खिडकीवर आली. तिच्यामागं बद्रीनाथही आला. वास्तविक त्याचं सगळं व्यवस्थित होतं; गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण रांगेत तो सखूबाईच्या मागं सहाच माणसं सोडून उभा होता, आणि बैलांची शिंगं रंगवायची की नाही या वर्षी, यावर दोघांचं बोलणंही झालं होतं. त्यानं दोन्ही चिठ्ठ्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

“ताई, ही बाई माझ्या म्होरं व्हती. माझा नंबर खरा आसंल तर हिचा दीडपट खरा हाय.”

प्रांजलीनं चिठ्ठ्यांवरची वेळ बघितली. एक चौतीस आणि एक त्रेचाळीस. मग तिनं बाकीच्या सहा जोड्या काढल्या. मग पुण्याच्या कंपनीनं दिलेलं, कुणीही न वाचलेलं माहितीपुस्तक काढलं आणि जगात पहिल्यांदाच एखादं माहितीपुस्तक कुणीतरी रागानं वाचलं. बावन्नाव्या पानावर दीड वाजता काय होतं ते लिहिलेलं होतं. तिनं शहराला कळवलं, मशीननं आकडा मागं नेला, सात घरं बाहेर राहिली, दुरुस्ती करावी.

शहरात कक्षाचे प्रमुख होते तात्यासाहेब. निवृत्तीला तीन महिने उरलेले. तात्यासाहेबांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही चूक झाली नव्हती, कारण झालेल्या प्रत्येक चुकीवर दुसऱ्याची सही होती. त्यांनी उलट टपाली एक तयार मजकूर पाठवला: ‘मी सुट्टीच्या वेळेत, नियमबाह्य रीतीनं सात चिठ्ठ्या दिल्या. त्या माझ्या हातून चुकून गेल्या असून रद्द कराव्यात.’ खाली सहीची जागा. सही झाली की सखूबाईसकट सात घरं कायमची यादीबाहेर, आणि मशीन निर्दोष.

प्रांजलीनं त्याच कागदाच्या मागं लिहिलं, ‘त्या वेळेत मी काम करत होते. त्यात चूक कोणती, ते आधी लिहून द्यावं.’ आणि परत पाठवला.

दुसरा कागद आला. त्यात भाषा जड झाली होती. तिनं तेच उत्तर लिहिलं, या वेळी पुढच्या बाजूला, मजकुरावर आडवी रेघ मारून. तिसऱ्या कागदात करार पुढं वाढवण्याबाबत फेरविचार करावा लागेल असं होतं. घरी आईनं समजावलं, काकानं समजावलं. सही म्हणजे काय सातबारा न्हाय, करून टाक म्हणाले. तिनं तिसऱ्या कागदाचीही पाठवणी केली. दरम्यान छावणीच्या कुंपणावरून बद्रीनाथ रोज आपल्या पेंढीतली निम्मी पलीकडं टाकत होता. बैलांना विचारलं नव्हतं.

शेवटी सुनावणीचं बोलावणं आलं. प्रांजलीला एकटीला होतं. पण सकाळच्या पॅसेंजरला फलाटावर सखूबाई डोक्यावर पदर घट्ट बांधून उभी, आणि बद्रीनाथ धुतलेल्या टोपीत. प्रांजली म्हणाली, मावशी, तुम्हाला आत घेणार नाहीत. सखूबाई म्हणाली, मला यादीतनं काढताना कुठं कुणी इचारलं व्हतं; आत जाताना मी तरी कशाला इचारायचं?

काचेच्या इमारतीत, सभागृहात लांबच लांब टेबल होतं, भिंतीवर मोठा पडदा होता. कंपनीकडून रामप्रसाद नावाचा इंजिनियर आला होता, मूळचा सोयगावचा, पुण्यात राहून अर्धा मऊ झालेला. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. दोन डबे, मधे बाण. बाण निळे होते आणि कुठंही चुकत नव्हते. तात्यासाहेब प्रत्येक बाणाला मान डोलावत होते.

चित्रं संपल्यावर त्यांनी कागद पुढं सरकवला, पेनाचं टोपणही काढून दिलं.

“करा सही, मॅडम. सात नावं जातील, विषय मिटेल. तुमचं पुढचं मी बघतो.”

“सात नावं नाहीत, सर. एक म्हैस आणि अठरा शेळ्या इथून सुरुवात होते. बाकीच्या सहांचं वाचू का?”

“नियमात सुट्टीचं काम बसत नाही.”

“मग सुट्टीचा नियम मशीनला का नाही? ते दीड वाजता काय करत होतं?”

तात्यासाहेबांनी रामप्रसादकडं बघितलं. रामप्रसादनं पडद्याकडं बघितलं. पडद्यावर आभार मानलेले होते.

एवढ्यात सखूबाई बोलली. तिला खुर्ची दिली होती, पण ती भिंतीशी उकिडवी बसली होती, म्हणून आवाज कुठून आला ते कळायला सगळ्यांना जरा वेळ लागला. तिनं रामप्रसादला विचारलं, की तू सोयगावचा ना, मग मेंढरं मोजताना कधी बघितलीस का? रामप्रसाद म्हणाला, लहानपणी. तिनं मग तिच्या सासऱ्याची गोष्ट सांगितली. सासरा कळप मोजत होता आणि वाड्याचं मागचं कवाड लावायचं राहिलं. मोजता मोजता दीर मागनं वीस मेंढरं पाण्यावर घेऊन गेला. सासऱ्याचा आकडा वीसनं कमी भरला. दोन दिवस सगळं घर वेरूळच्या डोंगरात वीस मेंढरं हुडकत फिरलं, आणि मेंढरं वाड्यात परतून रवंथ करत बसली होती.

“आकडा खोटा नव्हता बाबा,” ती म्हणाली. “शिळा व्हता. शिळा आकडा ताज्या कळपावर घालायचा नसतो. मोजायचं तर कवाड लावून मोजावं. आन् कवाड उघडंच ठिवायचं आसंल तर ध्यानात ठिवावं, की मोजणी मागं जात नाय.”

रामप्रसादच्या चेहऱ्यावर, ज्याला चारचौघांत आपलंच पुस्तक दुसऱ्यानं वाचून दाखवलं अशा माणसाचा भाव आला. तात्यासाहेब म्हणाले, बाई, हा तांत्रिक विषय आहे, इथं मेंढरं नाहीत. बद्रीनाथ म्हणाला, मेंढरं नाहीत म्हणूनच कुणाच्या ध्यानात येईना.

प्रांजलीनं विषय इथंच थांबू दिला नाही. ती म्हणाली, माझी चूक आहे की मशीनची हे बोलून ठरणार नाही. चाचणीची यादी असते ना, कोरी? ती लावा. जुळवणी सुरू करा. ती चालू असताना मी एक नोंद करते, संपल्यावर एक करते. दोघांना दोन नंबर आले तर कागदावर सही करते, आणि राजीनामाही इथंच देते.

तात्यासाहेब म्हणाले, याची गरज नाही. पण रामप्रसादचं बोट तोवर चालू झालं होतं. इंजिनियरला एकदा शंका चावली की त्याला साहेब दिसत नाही.

यादी पडद्यावर आली. चाळीस नोंदी होत्या, सगळ्या ‘अबक’ नावाच्या माणसाच्या. जुळवणी सुरू झाली. इथं लाईन चांगली, त्यामुळं अकरा मिनिटांऐवजी दीडच मिनिट होतं. प्रांजलीनं घाई न करता नाव टाकलं, ‘तात्यासाहेब’. जनावर, ‘गाय, पांढरी, एक’. नंबर आला एक्केचाळीस. तात्यासाहेबांना ते अगदीच वावगं वाटलं नाही. पांढरी गाय म्हणजे त्यातल्या त्यात मानाचं जनावर.

जुळवणी संपल्याची हिरवी खूण आली. मग तिनं दुसरी नोंद केली. मालक बद्रीनाथ. ‘बैल, बांडा, एक’.

नंबर आला एक्केचाळीस.

रामप्रसादनं यादी उघडली. चाळीसच्या खाली एक्केचाळीस होता. त्यावर तात्यासाहेब नव्हते, पांढरी गाय नव्हती. छत्तीस वर्षांची निष्कलंक नोकरी असलेल्या माणसाच्या जागी देवगाव रंगारीचा बांडा बैल उभा होता, आणि मशीनच्या दृष्टीनं कधीच काही घडलेलं नव्हतं.

“तुम्ही पण सुट्टीत आला व्हता का, सायेब?” सखूबाईनं विचारलं. तिच्या आवाजात कळकळच होती.

तात्यासाहेबांनी पाणी मागितलं. पाणी पिताना त्यांनी पेनाला टोपण लावलं, हे सगळ्यांनी बघितलं. मग ते म्हणाले, की चाचणी ही चाचणी असते, आणि तरीही कर्मचाऱ्यांनी सुट्टीत जेवायलाच बसावं असं एक परिपत्रक काढावं लागेल. प्रांजली म्हणाली, काढा. पण त्याच्या आधी सात घरं यादीत घ्या. यादी बंद झाली आहे, ते म्हणाले. बंद होण्याच्या आधी ती घरं यादीत होती, प्रांजली म्हणाली, वेळ छापलेली आहे, एक चौतीस. तुम्हाला कुणाला नव्यानं आत घ्यायचं नाही, फक्त पुसलेलं पुसायचं आहे.

आता अडचण एकच राहिली. सातही नंबरांवर दोन दोन खरी माणसं. तात्यासाहेबांनी सुचवलं, सखूबाईला दुसरा नंबर देऊ. सखूबाई म्हणाली, मी पयली व्हते, मी का बदलू? मग बद्रीनाथला देऊ. बद्रीनाथ म्हणाला, मी काय चोरून आणला का? बाईला राहू द्या तिच्या नंबरावर, पण माझा मला पाहिजे. देवगावात मी तो पोरीच्या लग्नाच्या तारखेसारखा पाठ केलाय. दोघं एकमेकांशी भांडत नव्हते. दोघं मिळून टेबलाशी भांडत होते, आणि टेबलाला त्याची सवय नव्हती.

“आमच्यात दोन घरची कोकरं एका कळपात चरती,” सखूबाई म्हणाली. “एका घराचा डावा कान कातरायचा, एका घराचा उजवा. कळप त्योच ऱ्हातो. भांडान नाय.”

रामप्रसाद उठून उभाच राहिला. त्याला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं तिथल्या तिथं सात नंबरांपुढं एकेक अक्षराची जागा केली आणि बैठकीच्या वृत्तांतात लिहून घेतलं, की क्रमांक २११७ (डा.) म्हणजे सखूबाई, म्हैस एक, शेळ्या अठरा, आणि क्रमांक २११७ (उ.) म्हणजे बद्रीनाथ. बाकीच्या सहा जोड्यांचेही कान तसेच कातरले गेले. मशीनसाठी त्यानं वेगळी एक ओळ लिहिली: लिहिताना खणात आधीच मोठा आकडा बसलेला असेल, तर वाचून आणलेला आकडा टाकून द्यायचा. बंद केलेली लाल सूचनाही परत चालू केली, कुणाला न विचारता. ते करताना त्याचा मऊपणा बराच उतरलेला दिसला. खणातला आकडा तपासायचा आणि बदलायचा तो एका झटक्यात, मधे कुणाला हात घालू न देता, नाहीतर तिथंही फट राहील, असं तो पुटपुटला. सखूबाई म्हणाली, तेच कवाड.

तात्यासाहेबांनी आदेशावर सही केली. आदेशात कुणाचीच चूक नव्हती. मशीनची नव्हती, कंपनीची नव्हती, प्रांजलीचीही नव्हती. ‘परिस्थितीजन्य क्रमांकसाम्य’ असा शब्द त्यांनी स्वतः काढला होता आणि त्यावर ते मनातून खूश होते. सही न झालेला कागद प्रांजलीनं चार घड्या घालून पर्समधे टाकला. तो इथंच ठेवा, तात्यासाहेब म्हणाले. ती म्हणाली, नाही. करार वाढला नाही तर मला तो लागेल, आणि वाढला तरी लागेल.

मग, आदेश निघाल्यावर साहेब लोकांना जो एक उदारपणा येतो, तो त्यांना आला. ते खुर्चीत मागं टेकले. वृत्तांत लिहिणाऱ्या कारकुनाला त्यांनी थांबायची खूण केली. जनतेच्या सूचनांचा हा कक्ष नेहमीच आदर करत आला आहे, ते म्हणाले. सखूबाईंची आणखी काही मागणी असेल तर ती निःसंकोच मांडावी, वरपर्यंत पोचवली जाईल.

कारकुनानं नवं पान उघडलं. रामप्रसादनंही हात थांबवला. सखूबाई भिंतीला धरून उठली, गुडघे झटकले, पदर सारखा केला, आणि खिडकीच्या काचेतून खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या जीपकडं एकवार बघून घेतलं.

“मागणी म्हंजी, सायेब, दुपारची गाडी आमची गेली. म्हशीच्या धारंची येळ व्हायली. तुमची ती जीप लासूरकडं जायाची आसंल तर तिघं मागं बसतो.”